दाजींच्या फटफटीचे दोन व्हॉल्व

माझा भाचा ही हकिकत फार रंगवून सांगतो. लग्नाच्या पंगती उठतात, पानाची तबके फिरू लागतात, नव्या सोयरिकीतला कोणीतरी विचारतो, "तुमचे वडील कशानं गेले?" आणि भाचा माझ्याकडे न पाहता, परंतु मला ऐकू जाईल अशा बेताच्या आवाजात सांगू लागतो, "मामांनी वडिलांच्या फटफटीत बेजोड व्हॉल्व घातले. एक एका जातीचा, दुसरा भलत्याच. धावत्या गाडीचं इंजिन जखडलं आणि वडील मोरीच्या दगडावर गेले." मग सगळे माझ्याकडे पाहतात.

इंजिन जखडले हे खरे. दाजी मोरीवर आपटून गेले हे खरे. मी बेजोड व्हॉल्व घातले हेही खरे, आणि ते मी कधीही नाकारलेले नाही. परंतु ज्या व्हॉल्वमुळे इंजिन जखडले, तो मी घातलेला नव्हता. माझा काढून तेथे दुसरा बसवण्यात आला होता. हे माझ्या पक्षाच्या ज्या एकाच माणसाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, ती माझी थोरली बहीण, या भाच्याची आई. तिने ते एकदा आपल्या मुलाला सांगावे, एवढीच माझी मागणी होती. त्या एका वाक्यासाठी मी निम्मे आयुष्य भांडलो आहे, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

आणखीही दोन आवृत्त्या गावात फिरतात. माझी काही जुनी गिऱ्हाइके दबक्या आवाजात सांगत की दाजी शिंदी पिऊन गाडी चालवीत होते. दाजींना सुपारीच्या खांडाखेरीज व्यसन नव्हते. अपघाताची जागा मी स्वतः पाहिली आहे. मुरमाच्या रस्त्यावर मागच्या चाकाची फरफटत गेलेली रेघ मोरीपर्यंत सुताने आखल्यासारखी सरळ होती. प्यालेल्या माणसाच्या चाकाची रेघ तशी उमटत नाही. दुसरी आवृत्ती आताच्या गॅरेजवाल्या पोरांची. ती म्हणतात, "बाबा, तवा काय, मिळंल ते घालायचं. निवडायला हुतं काय?" निवडायला होते. निवडण्याखेरीज दुसरे काहीच नव्हते. आज खोक्यावर छापलेला आकडा पाहून ही पोरे जे उचलतात, ते आम्हाला डोळ्यांनी, कानांनी आणि कानशीच्या पात्याने ओळखून घ्यावे लागे.

एकोणीसशे तीसनंतरची ती वर्षे. गिरणीच्या फिटिंग खात्यातली नोकरी सोडून मी सोलापुरात नव्या पेठेच्या मागच्या अंगाला स्वतःचा कारखाना काढला होता. कारखाना म्हणजे एक लेथ, एक भट्टी, दोन पाने टांगलेली भिंत आणि माझे नाव. माझे दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, कुंभारीच्या शेतकरी घरातले धाकटे. जमीन हलकी, आणि ती थोरल्या भावाच्या हाताखाली. थोरले पाव्हणे बैलांचे मोठे जाणकार. शेतीपेक्षा त्यांचे लक्ष बाजारात. नातेपुत्यापर्यंत जाऊन खिलारी बैल आणावेत, सारख्या शिंगाचा, सारख्या चालीचा दुसरा शोधून जोड लावावी, आणि जत्रेच्या बाजारात ती जोड विकावी, यात त्यांचा हात धरणारा त्या पंचक्रोशीत नव्हता. हे मी त्यांच्या गुणाचे म्हणूनच सांगतो.

दाजींना बैलात गोडी नव्हती. ते शहरातल्या एका तेलुगू मागवाल्याकडे, म्हणजे हातमाग चालवणाऱ्या मालकाकडे, फिरतीवर होते. चादरींचे आणि लुगड्यांचे नमुने गाठोड्यात बांधून मोहोळ, टेंभुर्णी, नातेपुते या बाजारांच्या गावी जायचे, दुकानदारांची मागणी घ्यायची आणि परत यायचे. हे काम त्यांना मिळाले ते त्यांच्याकडे फटफटी होती म्हणून. अडीच घोड्यांच्या ताकदीची, वरून व्हॉल्व असलेली ती इंग्रजी गाडी गिरणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना विकून गेला होता. गाडी बंद पडली की काम बंद, आणि काम बंद झाले की दाजी पुन्हा थोरल्याच्या हाताखाली, गोठ्यात. त्यांनी मला ते स्पष्ट सांगितले होते.

दिवाळीच्या मागणीचे दिवस तोंडावर आले असताना गाडीचा दम सुटला. चढाला बैलगाडीने मागे टाकावे अशी गत. किक मारली तर पाय लोण्यात जावा तसा खाली जाई. मी हेड उतरवले. व्हॉल्व म्हणजे कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचा पोलादी तुकडा. वर चपटी टोपी, खाली बारीक दांडा. हेड म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरचे झाकण; त्यात असे दोन असतात. एक उघडला की पेट्रोलची थंड वाफ आत येते, दुसरा उघडला की जळालेला धूर बाहेर जातो. धुराच्या व्हॉल्वची कड तव्यावर करपलेल्या पापडासारखी झाली होती आणि टोपीखाली दांडा चिमटून बारीक पडला होता. आणखी एक फेरी झाली असती तर तो तुटला असता. आत येणाऱ्या वाफेचा व्हॉल्व तुलनेने बरा होता, पण तोही बदलायचा असे मी ठरवले.

मुंबईहून अस्सल माल मागवायला वेळ नव्हता. विजापूर वेशीत एक भंगारवाला होता, मोडक्या लॉऱ्यांचे आणि गाड्यांचे सुटे भाग विकणारा. मी, दाजी आणि थोरले पाव्हणे असे तिघे त्याच्याकडे गेलो. थोरल्यांचे तेथे काही काम नव्हते; पण खरेदी म्हटली की ते आल्याशिवाय राहत नसत.

भंगारवाल्याने तेलकट कागदात गुंडाळलेले दोन नवे कोरे व्हॉल्व काढले. आरशासारखे चकचकीत, एकाच मापाचे, टोपीवर एकाच छापाचा शिक्का.

"देखो उस्ताद," तो म्हणाला, "जुडवे हैं. एकीच पेट के. तुमारे इंजन में ऐसे बैठेंगे जैसे घर के दामाद."

मी दोन्ही हातात घेतले, दांड्यावरून कानस ओढली, खिशातला मॅग्नेटोचा जुना चुंबक लावून पाहिला. दोन्ही चिकटले. दोन्ही वाफेच्या जागेचे होते. थंड घरात राहणारे. त्यातला एक मी घेतला आणि दुसरा परत कागदात ठेवला. मग त्याच्या डब्यात तळाशी हात घालून मी एक मळकट राखी रंगाचा, मोठ्या टोपीचा व्हॉल्व काढला. कोणत्यातरी मोठ्या इंजिनाचा तो असावा. कानस त्याच्यावर घसरत होती आणि चुंबकाला तो चिकटत नव्हता. असे पोलाद मी गिरणीत असताना एकदाच हाताळले होते. त्यात निकेल आणि क्रोम इतके असते की चुंबक त्याला ओळखत नाही. परंतु लालभडक तापले तरी ते ताकद सोडत नाही. धुराच्या तोंडाशी उभे राहायला तेच हवे होते.

"वो तो लोहाबी नै है," भंगारवाला हसला. "ले जाव. मगर उस्ताद, जोड कायकू तोडते?"

थोरल्यांनी तेवढाच शब्द उचलला. "पाव्हणं, ह्यो म्हातारा बराबर बोलतोय. जोड फोडू नगा. आमच्यात जोड फोडणाऱ्याच्या हातचं पानी पीत न्हाईत."

"हे बैल नव्हेत," मी म्हणालो.

"वढायचंच काम हाय न्हवं? मग बैलच की. एक बारका, एक थोराड जुपला तर बारक्याच्या मानंला आदी गळू येतंय."

"दादा," दाजी हसत म्हणाले, "तुमाला आगगाडीचं इंजान दावलं तरी तुमी त्येचं दात मोजाल."

मी थोरल्यांना समजावून सांगितले. एकजण दारात उभा राहतो, दुसरा भट्टीच्या तोंडात. दोघांना एकच सदरा कसा चालेल? त्यांनी चुंबक मागून घेतला, माझ्या राखी व्हॉल्ववर दोन-तीनदा टेकवला आणि मान हलवली. "चुंबकाला लोखंड चिकटंना, म्हंजी लोखंडच न्हाय हे. जस्त-बिस्त वतलंय." मी पुन्हा समजावले नाही. एक गोष्ट एकदा नीट सांगायची, ही माझी रीत आहे. ती आजही आहे.

कारखान्यात आल्यावर लेथवर त्या व्हॉल्वची टोपी मी मापाला उतरवली, दांडा लांबीला कापला. असल्या पोलादाच्या टोकाला पाणी चढत नाही, म्हणजे ते तापवून-विझवून कठीण करता येत नाही. म्हणून दांड्याच्या टोकावर कठीण पोलादाची छोटी टोपी बसवली. मग कुरुंदाची पूड तेलात कालवून दोन्ही व्हॉल्व आपापल्या बैठकीवर घासले. बैठकीवर अखंड राखी कडे उमटेपर्यंत घासले. वर रॉकेल ओतून ठेवले. खाली थेंब आला नाही. पिस्टनच्या रिंगा नव्या, दांडा ज्या नळीत सरकतो ती गाईड नवी. एवढे चोख काम त्या शहरात दुसरा कोणी करीत नव्हता, आणि हे मी आज म्हातारपणी म्हणत नाही, तेव्हाही म्हणत होतो.

राखी पोलादाचा एक दोष आहे. तापले की ते इतर पोलादापेक्षा जास्त वाढते. म्हणून दांड्याच्या टोकाशी फट जास्त ठेवावी लागते, आणि फट जास्त म्हणजे इंजिन थंड असताना टकटक. मी गाडी सुरू करून दाजींना तो आवाज ऐकवला.

"हा आवाज येत राहील," मी म्हणालो. "येतो तोवर निर्धास्त चालवा. बंद झाला तर तसेच माझ्याकडे या."

"म्हंजी तुमच्या आक्कावानीच की, मेव्हणं," दाजी म्हणाले. "बोलती हाय तवर बरं. गप झाली की भ्यायचं."

पहिल्या फेरीत गाडीने नातेपुते गाठून दाखवले. मालक खूश झाला. पश्चिमेकडची सगळी गावे त्याने दाजींना दिली. दाजी माझ्याकडे पेढे घेऊन आले तेव्हा अंगणात गाडी टकटक करीत उभी होती. तो आवाज मला देवळातल्या टाळांसारखा वाटला. त्यानंतर मी दाजींना जिवंत पाहिले नाही.

पुढचे मला नंतर कळले. परंतु घडले त्या क्रमाने सांगतो. कुंभारीच्या अंगणात रोज सकाळी गाडी सुरू होई, आणि ओट्यावर दात घासत बसलेले थोरले पाव्हणे कान देऊन ऐकत. त्यांच्या लेखी ती लंगडणाऱ्या बैलाची चाल होती. ते विजापूर वेशीत जाऊन कागदात राहिलेला तो दुसरा, चकचकीत, जुळा व्हॉल्व घेऊन आले. स्टेशनाजवळच्या एका मिस्त्रीला त्यांनी कुंभारीला बोलावले. अंगणात हेड उघडले गेले. सुटे भाग ठेवायला आक्काने आपली कणकेची परात दिली आणि ती शेजारी बसून राहिली. दाजी म्हणाले, "मेव्हण्यास्नी इचारू या की." थोरले म्हणाले, "त्येंचा मान मोठा, म्हनून तुजा जीव ल्हान व्हय?" घरात थोरल्याच्या शब्दावर शब्द चढत नसे. मिस्त्रीने माझा राखी व्हॉल्व काढला, जुळा बसवला, फट नेहमीसारखी बारीक केली. टकटक थांबली. गाडी मऊ, गोड आवाजात चालू लागली. थोरले पाव्हणे म्हणे आनंदाने म्हणाले, "आता लागली बग जोड."

टेंभुर्णीच्या अलीकडे एक लांब चढ आहे, आणि चढ संपला की उतार, उताराच्या तळाशी दगडी मोरी. आश्विनातले ऊन, मागे नमुन्यांचे गाठोडे. चढाला तो थंड घरातला व्हॉल्व लाल झाला, त्याचा दांडा ताणला गेला, आणि उताराला लागताच टोपी तुटून आत पडली. पिस्टन आणि हेड यांच्यामध्ये ती अडकली, इंजिन जखडले, मागचे चाक जागच्या जागी थांबले. लॉरीवाल्यांनी दाजींना बाजेवर घालून आणले. नमुन्यांच्या चादरींपैकीच एक त्यांच्या अंगावर होती.

तेरावे झाल्यावर थोरल्यांनी मला निरोप धाडला. त्यांना चार माणसांसमोर इंजिन उघडून माझा दोष दाखवायचा होता. मी हत्यारे घेऊन गेलो. अंगणात घोंगडी टाकली होती, गावातली वडीलधारी मंडळी बसली होती. मी हेड उतरवले. पिस्टनच्या माथ्यात व्हॉल्वची टोपी पत्र्यात खिळा रुतावा तशी रुतली होती. पकडीने ती उपसली, पुसली. तिच्यावर तोच शिक्का होता जो वाफेच्या व्हॉल्ववर होता. खिशातला चुंबक काढला. टोपी त्याला चिकटून लटकली.

"हा माझा नव्हे," मी म्हणालो. "माझा चिकटत नव्हता. तो काढून हा कोणी घातला?"

थोरले पाव्हणे शांत होते. "चुंबक बी तुमचा," ते म्हणाले, "व्हॉल्व बी तुमचा, आन् शबूद बी तुमचाच. आमी काय बोलणार?" बसलेल्यांत एकजण हसला.

मी स्टेशनाजवळच्या मिस्त्रीला बोलवा म्हटले, कारण शहरात दुसरा कोणी असे काम करायला गेला नसता हे मला ठाऊक होते. तो फौजदाराच्या भीतीने हुबळीकडे निघून गेला आहे, असे कळले. भंगारवाल्याला विचारा म्हटले, तर एक म्हातारा म्हणाला, "त्यो दिसाला शंभर नग इकतोय. त्येला काय याद?" मग मी दाराकडे पाहिले. उंबऱ्याच्या आत आक्का बसली होती, कपाळ मोकळे, मांडीवर दोन वर्षांचा हा भाचा.

"आक्का," मी म्हणालो, "हे इंजिन या अंगणात कोणी उघडलं होतं का?"

आक्काने मुलाच्या अंगावर पदर ओढला.

"मी चुलीम्होरं हुते," ती म्हणाली. "मला काय ठावं न्हाय."

त्या क्षणी मला कळले की तिला ठाऊक आहे. माझ्या बहिणीला खोटे बोलताना मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो, आणि ते तिला मुळीच जमले नव्हते. बाकीच्यांना मात्र तेवढे पुरले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी शेंदायला आडावर गेली तेव्हा मी मागोमाग गेलो. तेथे तिने मला सगळे सांगितले, वर लिहिले आहे ते. परात, मिस्त्री, दाजींचा प्रश्न, थोरल्यांचे उत्तर. सांगताना ती पोहरा वर ओढत होती, थांबली नाही.

"मग काढलेला व्हॉल्व कुठं आहे?" मी विचारले. "तो दाखवला तर काम झालं. तसला दुसरा या मुलुखात नाही."

"हितं." तिने मानेने आडाकडे खूण केली. "ह्येंना बाजंवरनं आणलं त्याच दिशी टाकला."

"कोणी टाकायला सांगितलं?"

"कुनी न्हाय. मीच."

मी काय बोललो ते सगळे लिहिण्यासारखे नाही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "दीर वाईट न्हाईत रं. त्येंनी काय मारायला केलं? त्येंनी जोड लावाया केलं."

"आणि मी मारायला केलं?"

"तू भांडशील आन् घरला जाशील. मला हितं ऱ्हायचंय. उंद्या त्येंच्या नावावर हे आलं, तर ह्या पोराच्या ताटात कोण वाढंल? गाव त्येंना 'भाऊखाऊ' म्हनंल, आन् त्ये रोज ह्या पोराचं त्वांड बगतील."

"माझ्याकडे चल. पोराला घेऊन चल."

"तुज्या बायकूच्या चुलीम्होरं किती दिस?" ती म्हणाली. "तुजं काय जातंय? लोक चार दिस बोलतील."

"माझं नाव जातं, आक्का."

तिने पोहरा घागरीत रिकामा केला. "नाव?" ती म्हणाली. "माजं कुकू गेलं." आणि घागर डोक्यावर घेऊन ती निघून गेली.

माझ्या भाच्याला वाटते की मामा हट्टी आहे म्हणून जुने उकरतो. मी हट्टी आहेच. परंतु तिच्या सोयीसाठी मी गप्प बसावे, हा न्याय मला तेव्हा मान्य नव्हता आणि आजही नाही. मी बाजारात सांगितले, पाहुण्यारावळ्यांत सांगितले, ज्याने विचारले नाही त्यालाही सांगितले. परिणाम असा झाला की लोक म्हणू लागले, खरा असता तर एवढा कशाला ओरडता? गिऱ्हाइके कमी झाली. आपली गाडी माझ्याकडे टाकताना एकाने मला तोंडावर विचारले, "मिस्त्री, जोडीचेच घालणार ना?" मी त्याची गाडी परत ढकलून दिली. भाऊबीजेला मी कुंभारीला गेलो, तर थोरल्यांनी ओट्यावरूनच हात जोडले. आत आक्काने ओवाळायचे ताट केले होते की नाही, मला माहीत नाही. मला आत जाऊ दिले नाही.

थोरल्या पाव्हण्यांनी भाच्याला पोटच्या पोरासारखे वाढवले, शाळेत घातले, लग्न करून दिले. बैलांचा व्यापार बसला तेव्हा जमिनीचा तुकडा विकून त्याला लॉरी घेऊन दिली. हे मी नाकारत नाही. मी खोटे बोलत नाही, हाच तर माझा दावा आहे. परंतु एक गोष्ट नोंदवून ठेवतो. त्यांनी त्या दिवसानंतर बैलांची जोड लावणे सोडले. एकेकटा बैल विकत घेत आणि एकेकटाच विकत. लोक म्हणत, भावाच्या दुःखाने मन उडाले. ज्याला जे म्हणायचे ते त्याने म्हणावे.

थोरले गेले. मला वाटले, आता आक्काचे तोंड मोकळे होईल. झाले नाही. मग ती स्वतः आजारी पडली आणि तिला सोलापूरला सरकारी इस्पितळात आणले. मी रोज जाऊन बसत असे. तिच्या अंगात कूस बदलण्याचीही शक्ती नव्हती, परंतु बुद्धी शेवटपर्यंत लख्ख होती. एके दुपारी भाचा डबा घेऊन आला. मी खाटेपाशी उभा राहिलो.

"आक्का," मी म्हणालो, "आता कोणाच्या ताटाचा प्रश्न उरला नाही. तुझा मुलगा समोर आहे. त्याला सांग, त्या अंगणात काय झालं."

"मामा, ही वेळ आहे का?" भाचा म्हणाला.

"हीच वेळ आहे. दुसरी राहिलेली नाही."

आक्काने आधी माझ्याकडे पाहिले, मग मुलाकडे. तिने ओठ ओले केले. मग मुलाला म्हणाली, "तुला त्येंनी वाडवलं. त्येंच्याबद्दल माज्या म्होरं कुनी वंगाळ बोलायचं न्हाय."

भाच्याने माझ्याकडे असे पाहिले की जणू खटला निकालात निघाला. ती काय म्हणाली ते त्याने ऐकले. पण मी त्या खोलीत थोरल्यांचे नावही काढले नव्हते. काय झाले एवढेच विचारले होते. त्यांचा विषय तिने काढला. इतक्या वर्षांत, अंगणात चार माणसांसमोर आणि नंतर कधीही, 'माझा भाऊ खोटे बोलतो' असे वाक्य तिच्या तोंडून निघाले नाही. भाच्याने आपल्या हकिकतीत हे घालावे. घालणार नाही.

ती गेली तेव्हा मला दहाव्याचा निरोप आला नाही. मी गेलो. तेराव्यालाही गेलो. तेराव्याला माहेरच्या माणसाने मुलाच्या डोक्यावर टोपी घालायची आणि खांद्यावर उपरणे टाकायचे असते, आणि माहेरचे म्हणून मी एकटाच उरलो होतो. भाचा पाटावर बसला होता. लोक बाजूला सरले. मी टोपी पुढे केली तेव्हा त्याने मान वाकवली, रिवाज आहे.

"मामा," तो खालच्या आवाजात म्हणाला, "आता आई पण गेली. आता तरी ते सोडा."

मी टोपी नीट बसवली, उपरण्याची घडी मोडून ते त्याच्या खांद्यावर टाकले, आणि 'नाही' म्हणून माझ्या जागी जाऊन बसलो.